एकोणिसाव्या शतकातली 'पेटंट' औषधं : लोक फसले, की दुसरा इलाजच नव्हता?

दूरदेशी :
नमस्कार मंडळी. गेल्या शनिवारी इथे अमेरिकेतल्या मेन राज्यात जुन्या वस्तूंच्या एका दुकानात शिरले होते. बाळ पोटाशी बांधलेलं, नुकतंच झोपलेलं. कपाटात एक उभट, वीतभरही नसेल अशी हिरवट निळी बाटली दिसली. हातात घेऊन बोट फिरवलं तर काचेतच उठावाची अक्षरं : मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप. खाली कर्टिस अँड पर्किन्स.

घरी येऊन वाचत बसले. हे सरबत १८४९ मध्ये याच राज्यातल्या बँगोर गावी बाजारात आलं. मिसेस विन्स्लो म्हणजे मालक कर्टिसच्या सासूबाई, लहान मुलांच्या परिचारिका. दात येताना रडणाऱ्या बाळाला एक चमचा द्या, बाळ शांत झोपेल, अशी जाहिरात. चित्रात सुंदर आई आणि गुटगुटीत बाळ. बाळ खरंच झोपायचं, कारण आत मॉर्फिन होतं, अफूतून काढलेलं गुंगीचं औषध. एका औंसाला ६५ मिलिग्रॅम. कितीतरी बाळं त्या झोपेतून उठलीच नाहीत.

माझं बाळ पहिले तीन महिने संध्याकाळी सहा वाजले की रडायला लागायचं ते नऊपर्यंत. त्या दिवसांत कुणी अशी बाटली हातात ठेवली असती तर मी काय केलं असतं, हा विचार डोक्यातून जात नाहीये. म्हणून हा धागा. त्या काळी 'पेटंट' म्हणवली जाणारी अशी शेकडो औषधं होती. एकच बाटली खोकल्यापासून कर्करोगापर्यंत सगळं बरं करते म्हणायची. शिकलेसवरलेले लोकही घ्यायचे. का? भोळे होते, घाबरलेले होते, की आणखी काही?

निवांत :
वाचूनच पोटात गोळा आला. फोटो टाका ना बाटलीचा.

खलबत्ता :
दूरदेशीताई, धागा काढलात हे फार बरं केलंत. चाळीस वर्षं औषधांच्या दुकानात काढली आहेत, त्यामुळे आधी हिशोब मांडतो. एक औंस म्हणजे जवळपास ३० मिलिलिटर. चमचा ५ मिलिलिटरचा धरला तर एका चमच्यात सुमारे ११ मिलिग्रॅम मॉर्फिन. मोठ्या माणसाला ऑपरेशननंतर दंडात सुई टोचून देतात ते साधारण १० मिलिग्रॅम. पोटातून घेतल्यावर परिणाम कमी होतो हे मान्य, पण इथे घेणारं बाळ आहे, आणि तेही दिवसातून तीनचारदा. अफूच्या जातीची औषधं श्वास मंद करतात. झोपलेलं बाळ आणि श्वास थांबत चाललेलं बाळ दिसायला सारखंच असतं.

आता 'पेटंट' या शब्दाबद्दल, कारण त्यात मोठी गोम आहे. यातल्या बहुतेक औषधांना पेटंट नव्हतंच! पूर्वी इंग्लंडच्या राजाकडून सनद मिळायची, तिच्यावरून हे नाव रूढ झालं. खरं पेटंट घ्यायचं तर औषधात काय आहे ते उघड करावं लागतं, आणि नेमकं तेच यांना नको होतं. म्हणून नाव, बाटलीचा आकार आणि लेबल यांची नोंदणी करायची आणि आतला माल गुलदस्त्यात ठेवायचा.

सातपुडा :
माझं मत जरा वेगळं आहे. माणसाला जादू हवीच असते, तेव्हाही आणि आताही. क्लार्क स्टॅनली नावाचा एक इसम १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात लोकांसमोर खुळखुळ्या साप चिरून तेल काढून दाखवायचा आणि तिथेच बाटल्या विकायचा. पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात सरकारी प्रयोगशाळेत तपासलं तर आत खनिज तेल, थोडी चरबी, मिरचीचा अर्क, कापूर. सापाचा पत्ता नाही. दंड किती झाला? २० डॉलर.

आमच्याकडे आठवडी बाजारात सांड्याचं (एका जाड सरड्याचं) तेल विकणारा यायचा. चुलीवर कढई, शेजारी जिवंत सांडे बांधलेले, आणि बोलणं असं की ऐकतच राहावं. गर्दीत सगळ्यांना ठाऊक असायचं की हे काही खरं नाही, तरी चारदोन जण घ्यायचेच. ऐकणाऱ्याला ऐकायचं असतं तेच विकणारा बोलतो, हा माझा अनुभव.

कडूकिराईत :
सातपुडा, तुमच्या बाजारातल्या चारदोन जणांबद्दल मी वाद घालणार नाही. पण एकोणिसाव्या शतकातल्या रोग्याकडे डॉक्टरचं औषध हा दुसरा पर्याय होता, आणि तो काय होता तेही बघा. मी स्वतः डॉक्टर आहे, तरी हे सांगायला हवं.

ताप आला की शीर कापून रक्त काढायचं. जॉर्ज वॉशिंग्टन १७९९ च्या डिसेंबरात घशाच्या आजाराने गेले, त्या एका दिवसात त्यांच्या अंगातून लिटरांनी रक्त काढलं होतं. एका देशाच्या माजी राष्ट्राध्यक्षाला मिळणारे उपचार हे! त्याशिवाय कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचा क्षार. तोंडाला लाळ सुटेपर्यंत द्यायचा, हिरड्या सडायच्या, दात पडायचे. हे सगळं पदवीधर डॉक्टर, चांगल्या हेतूने, पुस्तकात लिहिलंय म्हणून करत होते.

अशा वेळी कोपऱ्यावरच्या दुकानात छोट्या डबीत गोळ्या मिळतात, डॉक्टरची फी नाही, सुरी नाही, पारा नाही. बीचमच्या गोळ्या घ्या. इंग्लंडमध्ये घराघरांत होत्या. १९०९ मध्ये ब्रिटिश डॉक्टरांच्या संघटनेने तपासून छापलं : काळा बोळ, म्हणजे कोरफडीचा वाळवलेला रस, सुंठ आणि साबण. झालं. त्यांनी कर्करोग बरा होत नव्हता, पण पोट साफ व्हायचं, आणि रोगी जिवंत राहायचा. लोक वेडे नव्हते. त्यांनी दोन वाईटांतलं कमी वाईट निवडलं.

मात्र मिसेस विन्स्लोच्या सरबताला हा बचाव लागू नाही. तिथे आईला निवडच करता आली नाही, कारण निवडायला आत काय आहे ते माहीत असावं लागतं.

शेवंती :
डॉक्टर, तुमच्या मुद्द्याला जोडूनच. बायकांची परिस्थिती तर आणखी बिकट होती. जवळपास सगळे डॉक्टर पुरुष. पाळीच्या दुखण्याबद्दल परक्या पुरुषाशी बोलायचं कसं? आणि बोललंच तर तो म्हणणार मनाचे खेळ आहेत, नाहीतर सरळ ऑपरेशन सांगणार.

मॅसॅच्युसेट्समधल्या लिन गावी लिडिया पिंकहॅम नावाच्या बाई होत्या. १८७३ च्या मंदीत नवऱ्याचं दिवाळं वाजलं. घरच्या चुलीवर त्या बायकांच्या दुखण्यांवर एक काढा करून शेजारणींना फुकट द्यायच्या, तोच १८७५ पासून विकायला लागल्या. मुलगे पत्रकं वाटायचे. बाटलीवर बाईंचा स्वतःचा फोटो : वयस्कर, शांत चेहरा, आपल्या मावशीसारखा. आणि जाहिरातीत लिहायचं, मिसेस पिंकहॅमना पत्र लिहा, पत्र फक्त बायकाच वाचतील. हजारो बायकांनी लिहिलं. त्या काढ्यात काय होतं? काही रानमुळ्या, आपली मेथी, आणि सुमारे १८ टक्के अल्कोहोल.

बाई १८८३ मध्ये वारल्या. पत्रांना उत्तरं मात्र जातच राहिली. १९०५ मध्ये एका महिला मासिकाने त्यांच्या थडग्याचा फोटोच छापला, तेव्हा वाचकांना कळलं की आपण बावीस वर्षं एका मृत बाईला मनातलं लिहितोय.

मला या गोष्टीचा राग येतो, पण पत्र लिहिणाऱ्या बायकांचा नाही. शरीराबद्दलची साधी, सरळ माहिती त्यांना कुणीतरी पत्रातून देत होतं. तशी माहिती द्यायला तेव्हा दुसरं कोण पुढे आलं होतं?

निवांत :
शेवंतीताई, 'आपल्या मावशीसारखा' हे अगदी पटलं. चेहरा ओळखीचा वाटला की आपण लेबल उलटून बघत नाही.

बोरूबहाद्दर :
तीस वर्षं छापखान्यात आणि वर्तमानपत्रात काढली, म्हणून राहून गेलेली बाजू मांडतो. आमची बाजू, आणि ती चांगली नाही.

ही औषधं जाहिरातीवर उभी होती. थॉमस हॉलोवेने १८३७ मध्ये लंडनमध्ये मलम विकायला सुरुवात केली, मग गोळ्या. शेवटी शेवटी वर्षाला ५०,००० पौंड नुसत्या जाहिरातींवर खर्च करायचा. त्याच्या सूचनापत्रकांची जगभरच्या भाषांत भाषांतरं झाली. हिंदुस्थानातल्या वर्तमानपत्रांतही जाहिराती यायच्या.

अमेरिकेत तर करारच असा असायचा की ज्या राज्यात पेटंट औषधांविरुद्ध कायदा होईल, तिथल्या वर्तमानपत्रांशी केलेला जाहिरातींचा करार आपोआप रद्द. हे कलम करारात लाल शाईने छापलेलं असायचं. आता संपादकाच्या खुर्चीत बसून विचार करा. विधानसभेत औषधांवर लेबल सक्तीचं करा असं विधेयक आलंय, तुमच्या गावातली दोन बाळं गेली आहेत, आणि तुमच्या अर्ध्या पगाराचे पैसे त्या बाटलीवाल्याकडून येतात. बातमी छापाल? कित्येकांनी छापली नाही. औषधवाल्याला विधेयक पाडायला स्वतः जावंही लागायचं नाही, संपादकच आमदाराकडे जायचे.

सॅम्युएल हॉपकिन्स ॲडम्स नावाच्या पत्रकाराने १९०५ च्या ऑक्टोबरपासून 'कॉलियर्स' साप्ताहिकात हे सगळं नावागावानिशी बाहेर काढलं. बाटल्या प्रयोगशाळेत तपासून घेतल्या. 'अमुक औषधाने मी बरा झालो' म्हणणारे लोक शोधून काढले, त्यांतले काही तोवर त्याच आजाराने गेलेले होते. धंद्यातला माणूस म्हणून त्या माणसाबद्दल मला फार आदर आहे.

लोक का फसले, तर त्यांना सांगायचं ज्यांचं काम होतं त्यांनी सांगितलं नाही.

खलबत्ता :
बोरूबहाद्दर, यात सरकारलाही जोडा. इंग्लंडमध्ये १७८३ पासून अशा औषधांवर कर होता, आणि प्रत्येक डबीवर सरकारी तिकीट चिकटवावं लागायचं. गिऱ्हाइकाला वाटायचं सरकारने तपासून छाप मारलाय. सरकारने फक्त पैसे घेतलेले असायचे.

सातपुडा :
हॉलोवेबद्दल एक विचारतो. त्याच पैशातून त्याने मुलींसाठी रॉयल हॉलोवे कॉलेज बांधलं. १८८६ मध्ये व्हिक्टोरिया राणीने उद्घाटन केलं. मुलींना शिकायला जागा नव्हती तेव्हा. काळ्या बोळाच्या गोळ्यांतून ते उभं राहिलं. मग त्याला काय म्हणायचं?

शेवंती :
कॉलेज चांगलंच झालं. गोळ्यांबद्दल केलेले दावे खोटेच होते. दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी राहू देत, एकातून दुसरं वजा करायची गरज नाही.

निवांत :
विषय थोडा बाजूला नेतेय, क्षमस्व. ग्राइप वॉटरचं काय? आमच्या पिढीत असं एक घर नव्हतं जिथे ती बाटली नव्हती. आई आम्हाला देऊन झाल्यावर चमचा स्वतः चाटायची, इतकं गोड. माझा भाऊ बाळगुटीची सहाण दिसली की रांगत कॉटखाली जायचा, आणि ग्राइप वॉटरची बाटली दिसली की बाहेर यायचा!

खलबत्ता :
निवांत, भावाचं चुकलं नव्हतं. नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्ड या औषधविक्रेत्याने १८५१ मध्ये ते बनवलं. त्यात खायचा सोडा, साखर, शेपूच्या बियांचं तेल आणि ३.६ टक्के अल्कोहोल. इंग्लंडमध्ये अल्कोहोल निघालं ते थेट १९९२ मध्ये. शेपूच्या बिया म्हणजे आपली बाळंतशेप, जी बाळंतिणीला जेवणानंतर चघळायला देतात. म्हणजे नॉटिंगहॅमचा माणूस आणि आपली आजी एकाच डब्यात हात घालत होत्या.

शेवंती :
पण गुटीत आणि बाटलीत एक फरक आहे बघा. मुरडशेंग, वेखंड, हळकुंड, सुंठ, जायफळ, हिरडा, बदाम, खारीक. आजी एकेक हातात घ्यायची, सहाणेवर मोजून वेढे द्यायची. 'वेखंडाचा एकच वेढा हं, जास्त नको' हे मला अजून ऐकू येतं. काय देतोय आणि किती देतोय, हे देणाऱ्याला माहीत होतं.

कडूकिराईत :
शेवंती, तुमचा मुद्दा सुंदर आहे, तरी इथे नवीन आया वाचत असतील म्हणून स्पष्ट लिहितो. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध. गुटी नको, ग्राइप वॉटर नको, वरचं पाणीही नको. सहाण, हात, पाणी, कुठूनही जंतुसंसर्ग होतो. घरचं आहे, ओळखीचं आहे म्हणून निर्धोक असतंच असं नाही.

आणि आपल्या देशाशी थेट नातं असलेलं एक औषध राहिलंच. क्लोरोडाइन. डॉ. जॉन कॉलिस ब्राउन हा फौजेतला डॉक्टर हिंदुस्थानात असताना त्याने १८४८ च्या सुमारास कॉलऱ्यावर ते तयार केलं. अफूचा अर्क, गांजाचा अर्क आणि क्लोरोफॉर्म. रोग्याच्या पोटातली कळ थांबायची, जुलाब मंदावायचे, घरच्यांना वाटायचं उतार पडला. पण कॉलऱ्यात माणूस मरतो तो अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे, आणि त्यासाठी त्या बाटलीत काहीच नव्हतं. ते काम मीठसाखरेच्या पाण्याने होतं. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपात पाणी कालवून, नातेवाइकांच्या हातून पाजून हजारो जीव वाचवले. त्यात गुपित काहीच नव्हतं. कृती सगळ्या जगाला सांगितली.

हरभऱ्याचं झाड :
इतके दिवस नुसती वाचतेय, आज लिहिते. हे सगळं एकोणिसाव्या शतकातलं नाही हो. माझ्या वडिलांना मधुमेह होता. ओळखीतल्या एकांनी एक पूड आणून दिली. पांढरी डबी, लेबलावर फक्त एका झाडाचं चित्र. तीन महिन्यांत साखर मुळासकट जाईल म्हणाले, स्वतःचा दाखलाही दिला. बाबांनी गोळ्या बंद केल्या, आम्हाला सांगितलंच नाही. दोन महिन्यांनी पायाची जखम चिघळली. अंगठा काढावा लागला.

बाबा शाळेत विज्ञान शिकवायचे. भोळे नव्हते. रोज सकाळी चार गोळ्या, संध्याकाळी तीन, असं आयुष्यभर, याचा त्यांना कंटाळा आला होता. कुणीतरी 'यातून सुटका आहे' म्हणालं. दूरदेशीताई, तुमच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर हे आहे.

दूरदेशी :
ताई, लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. बाबा आता कसे आहेत?

हरभऱ्याचं झाड :
बरे आहेत. नियमित गोळ्या घेतात. डबी आईने फेकू दिली नाही, देवघराखालच्या कप्प्यात ठेवली आहे, कुणी आलं की दाखवायला.

कडूकिराईत :
अंगठ्याचं वाचून फार वाईट वाटलं. 'स्वतःचा दाखला' यावरून एक जुना प्रयोग आठवला. एलिशा पर्किन्स या अमेरिकन डॉक्टरने १७९६ मध्ये धातूच्या दोन टोकदार कांड्यांचं पेटंट घेतलं, ते मात्र खरंखुरं. दुखऱ्या भागावरून ओढल्या की दुखणं जातं म्हणे. इंग्लंडातही वेड पसरलं. १७९९ मध्ये बाथ गावी डॉ. हेगार्थने लाकडाच्या कांड्या करून घेतल्या, रंग देऊन हुबेहूब तशाच, आणि पाच रोग्यांवर फिरवल्या. चौघांना बरं वाटलं! ते चौघे खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच बरं वाटलं होतं. म्हणून 'मला गुण आला' हे वाक्य प्रामाणिक असूनही पुरावा ठरत नाही.

सातपुडा :
हा प्रयोग माहीत नव्हता. बाजारातल्या लोकांना मी जरा घाईने मोडीत काढलं, मागे घेतो. आणि त्या बाबांबद्दल वाचल्यावर तर नक्कीच.

खलबत्ता :
आता कायद्याचं, कारण पुढे काय झालं ते कुणी विचारलं नाही. ॲडम्सची लेखमाला आणि हार्वे वायली या सरकारी रसायनतज्ज्ञाची अनेक वर्षांची धडपड यांतून ३० जून १९०६ ला अमेरिकेत कायदा झाला. त्यात ही औषधं बंद केली नाहीत. एवढंच सांगितलं की अल्कोहोल, अफू, मॉर्फिन, कोकेन, हेरॉइन, क्लोरोफॉर्म, गांजा असेल तर लेबलावर नाव आणि प्रमाण छापा. बस. आईने बाटली उलटी केली की 'मॉर्फिन' हा शब्द दिसू लागला.

'बरं करतो' हा दावा मात्र सुटलाच. १९११ मध्ये कर्करोगाच्या एका बनावट औषधाचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालय म्हणालं, कायदा घटकांबद्दलच्या खोटेपणाला लागू आहे, गुणाबद्दलच्या दाव्याला नाही. पुढच्याच वर्षी दुरुस्ती झाली, तीही अशी की फसवण्याचा हेतू होता हे सरकारने सिद्ध करायचं.

आपल्याकडे १९५४ चा औषधं आणि जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदा आहे. मधुमेह, कर्करोग, फिट्स अशा आजारांची यादीच दिली आहे, त्यांच्यावर गुणकारी म्हणून जाहिरात करायला बंदी. हरभऱ्याचं झाड, तुमच्या डबीची तशी जाहिरात होत असेल तर ती त्याखाली येते. अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. लेबलावर घटक, बनवणाऱ्याचा परवाना क्रमांक, पत्ता यांपैकी काहीच नसेल तर ती डबी घरात येताच कामा नये. माझ्या दुकानात मी सत्तर रुपयांच्या मलमाचंही लेबल गिऱ्हाइकाला वाचून दाखवायचो.

गिरणगाव :
धागा पहिल्यापासून वाचला. मिसेस विन्स्लोचं सरबत आपल्याकडेही होतं, फक्त बाटलीत नव्हतं. बाळागोळी.

माझी पणजी परळच्या एका गिरणीत वाईंडिंग खात्यात होती. पहाटे भोंगा झाला की निघायची. तान्हं मूल दहाबारा तास खोलीवर कुणाकडे ठेवणार? अफूची गोळी द्यायची, मूल झोपून राहायचं. चाळीतल्या बहुतेक कामकरी बायका द्यायच्या. सरकारी चौकशांमध्येही याच्या नोंदी आहेत, नंतर काही गिरण्यांनी पाळणाघरं काढली. मुलं वाळायची, दूध ओढायची नाहीत. पणजीची दोन गेली. कशाने गेली हे कोण सांगणार.

तिला माहीत होतं आत काय आहे. लेबलाची गरज नव्हती. खलबत्ता म्हणतात ते खरं आहे, लेबल हवंच. पण माहीत असूनही तिला दुसरं काही करता येत नव्हतं. पगार कापला गेला असता.

शेवंती :
काय लिहावं कळत नाही. 'कमी वाईट' हा डॉक्टरांचा शब्द इथे किती वेगळा वाटतो.

दूरदेशी :
गिरणगाव, मी प्रश्न विचारला तेव्हा डोळ्यांसमोर फक्त जाहिरातीतली ती सुंदर आई होती. कर्टिसच्या गिऱ्हाइकांतही गिरणीतल्या बायका असणारच. न्यू इंग्लंड, म्हणजे अमेरिकेचा हा ईशान्य भाग, तर कापडगिरण्यांचाच मुलूख. मला सहा महिन्यांची रजा मिळाली, म्हणून माझ्या बाळाला संध्याकाळी तीन तास नुसतं खांद्यावर घेऊन फिरता आलं. हे आज पहिल्यांदा असं लक्षात आलं.

एक विचारू का? पणजीबद्दल हे तुम्हाला कुणी सांगितलं?

गिरणगाव :
आजीने. ती सगळ्यांत थोरली. सात वर्षांची झाल्यावर गोळी द्यायचं काम तिच्याकडे आलं होतं, कारण पणजीला निघायची घाई. गोळी कडू, म्हणून बोटाला गूळ लावून चाटवायची. केवढी असायची विचारलं तर आजी करंगळीचं नख पुढे करायची आणि त्याच्या कोपऱ्यावर दुसऱ्या हाताचं बोट ठेवून दाखवायची, एवढी. मग दुपारभर ती पाळण्याशी बसायची. खेळायला जायची नाही. मधून मधून धाकट्याच्या नाकाखाली हात धरून बघायची.